कमरेपर्यंतची माणसं

दादा, परवा तुझं तेरावं झालं. पाहुणे पांगले, आणि काल सकाळी वहिनींनी आणि मी तुझी आतली खोली उघडली. भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं एकेक करून बाहेर आणली, सुक्या फडक्यानं पुसली आणि दिवाणावर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर मांडत गेलो. जागा संपली तेव्हा वहिनी तिथंच फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "घर भरलं बघा, शकूताई. फक्त यांचाच पत्ता नाही."

घर खरंच भरलं होतं. झेंडूच्या ढिगामागं बसलेली माळीण. कांद्याच्या राशीत बसून निवड करणाऱ्या दोघी. गंगेच्या पाण्यात उभा राहून अर्घ्य देणारा म्हातारा. तिकीट खिडकीमागचा कारकून. अर्धवट खणलेल्या विहिरीतून वर बघणारा मजूर. इतकी वेगवेगळी माणसं, पण सगळी कमरेपर्यंतच. कमरेखाली कुठं फुलं, कुठं पाणी, कुठं लाकडी फळी, आणि त्याच्याही खाली तुझा तो निळसर काळा पट्टा. डावीकडं वरच्या कोपऱ्यात उजेडाचा एक चौकोन, आणि माणसाची मान जराशी तिकडं वळलेली. आयुष्यभर तू हे एकच चित्र काढत राहिलास असं कुणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही.

लोक तुला विचारायचे, "सर, तुमच्या माणसांना पाय का नसतात?" तू म्हणायचास, "काय करणार, कॅनव्हास संपतो." लोक हसायचे आणि पुढच्या चित्राकडं जायचे. मला कधी विचारावं लागलं नाही. येवल्याच्या आपल्या घरात जो वाढला, त्याला ते कळणारच.

आपल्या पुढच्या खोलीतला माग खड्ड्यातला. जमिनीत खणलेल्या त्या खड्ड्यात पाय सोडून नाना सकाळी बसायचे ते जेवायलाच उठायचे. वर हात रेशमाच्या तारांतून धोटा सरकवायचे, खाली पाय पावड्या दाबायचे. पैठणीचा पदर विणताना तर तासन् तास मान वर होत नसे. दिवसभर नाना आपल्याला अर्धेच दिसायचे. तू लहानपणी आईला विचारलं होतंस म्हणे, "नाना जेवायला येताना पाय कुठून आणतात?" आई ही गोष्ट शेवटपर्यंत सांगायची आणि दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखी हसायची. दार डावीकडं होतं. उजेड तिथूनच यायचा.

तू चित्रं काढायला लागलास तीही त्याच खोलीत. नक्षी उतरवायच्या चौकटीच्या कागदांच्या पाठीवर, कोळशानं. पुढच्या बाजूला नानांचा मोर आणि पाठीमागं तू काढलेले नाना. नानांनी कधी ओरडा केला नाही. कागद उलटा करून बघायचे, "बरं हाय," म्हणायचे आणि पुन्हा सुलटा करून मोर मोजायला लागायचे.

बारावी झाली आणि तुला नाशिकला चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तेव्हा नानांची नजर अधू व्हायला लागली होती. तो दुपारचा प्रसंग आपण दोघांनीही जन्मभर जपला, पण एकमेकांसमोर कधी काढला नाही. नाना खड्ड्यात बसले होते. मी कोपऱ्यात रहाटावर कांड्या भरत होते. तू हातात दाखला घेऊन उंबऱ्यावर उभा होतास.

"जातो म्हणतोस तर जा," नाना म्हणाले. "पण मागावर कोन बसंल? मला बारीक तार दिसत नाय आता."

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. दाखल्याकडं बघत म्हणालास, "शकू बसेल."

"बरं," नाना म्हणाले.

एवढंच झालं. मी आठवी पास झाले होते. जूनमध्ये तू पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीत बसलास आणि मी मागावर.

पुढची वर्षं तुझी नाशिकची, माझी येवल्याची. मी शिकले. नाना शेजारी बसून नुसत्या बोटांनी चाचपून चूक सांगायचे. तिसऱ्या वर्षी माझा मोर त्यांनी बोटांनी तपासला आणि काही न बोलता हात काढून घेतला. माझ्या आयुष्यातलं तेच प्रशस्तिपत्रक. पण थंडीत त्या खड्ड्यात ओल यायची, घोटे सुजायचे, संध्याकाळी उठताना पाय आपले नाहीतच असं वाटायचं. तू दिवाळीला यायचास आणि स्वयंपाकघरात बसायचास. पुढच्या खोलीतून जाताना भिंतीकडं तोंड करून जायचास. मला वाटायचं, नाशिकचं वारं लागलं. मागाची लाज वाटते आता.

तुला नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिक्षकाची नोकरी लागली, गंगापूर रोडला तू खोली घेतलीस, आणि नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायला आम्ही दोघं तुझ्याकडं आलो. तुझी ती चित्रं मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. नानांनीही. पट्टी सुटल्यावर त्यांनी आधी माझं तोंड बघितलं, मग तुझं, आणि मग भिंतीवरचा गंगेतला म्हातारा. बराच वेळ बघत राहिले.

"पाय कुठंय याचे?"

"खाली हायेत नाना. पान्यात." नानांशी बोलताना तू लगेच येवल्याचा व्हायचास.

"दिसत नाय ते."

"दिसत नसले तरी हायेत."

नानांनी मान हलवली. मग चित्राच्या दोन्ही कडांना तू सोडलेल्या दोन-दोन बोटांच्या रिकाम्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काठ सोडला व्हय? लय झ्याक." तुझ्या कामावर पुढं पेपरात चार चांगल्या गोष्टी छापून आल्या, पण तेव्हा तुझा चेहरा जसा फुलला तसा नंतर मी बघितला नाही.

पण काठ चालायचा तुला, मोर चालायचा नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला हेडमास्तरांनी रंगमंचाच्या मागं मोर काढायला सांगितला. "तुम्ही येवल्याचे, तुमच्या हातातच असणार," म्हणाले. तू चार दिवस राबून भिंतभर कोंबडा काढलास. हेडमास्तर विचारायला आले तर म्हणालास, "सर, हा लवकर उठतो, मुलांना चांगला." ही हकिगत तू मला सांगितलीस तेव्हा मी पोट धरून हसले. तू हसला नाहीस. तू म्हणालास, "मोर तुझे आहेत शकू. ते मी नाही काढणार." तेव्हा मला ते कौतुक वाटलं. आता कळतं की तू त्या खड्ड्यातली एकही वस्तू फुकट उचलायला तयार नव्हतास.

सतरा नंबरचा फॉर्मही तूच आणलास. मी एकवीस वर्षांची होते. बाहेरून दहावीला बसता येतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तू फॉर्म भरून आणला होतास, मी फक्त सही करायची होती. मी म्हणाले, "आता काय करायचंय?" तू म्हणालास, "काही नाही करायचं. पास व्हायचं." मग वर्षभर दर शनिवारी शाळा सुटली की तू एसटी धरून येवल्याला आलास. मी विणायची आणि तू मागच्या खोलीच्या दारात बसून इतिहास वाचून दाखवायचास. भूमितीला मात्र मला मागावरून उठवायचास, वही पुढ्यात टाकायचास. मी चिडून म्हणायची, "त्रिकोण मला तुझ्यापेक्षा जास्त कळतात, मी रोज काठात विणते." तू म्हणायचास, "मग सिद्ध कर."

पास झाले. निकालाच्या दिवशी तू पेढे आणलेस आणि माझ्यापेक्षा तूच जास्त रडलास. मी तुझे आभार मानले नाहीत. मनात म्हणाले, फेडतोय, फेडू दे. आज हे जे मी लिहिते आहे, वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचते, मुलीचा अभ्यास घेते, ते सगळं त्या शनिवारांचं आहे. दादा, आभार. उशीर झाला.

नाना गेले. माझं लग्न येवल्यातच झालं, माग माझ्या सासरी आला, तिथं नवा खड्डा खणला. आणि मग तुझं ते प्रदर्शन भरलं.

तू तीनदा निरोप पाठवलास म्हणून मी आले. हॉलमध्ये माणसं बरीच होती. पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ छान बोलले. म्हणाले, या माणसांची मुळं जमिनीत खोल गेलेली आहेत. टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, मुळं कसली, मुंग्या आल्यात पायांना. तेवढ्यात माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली.

दोन वेण्या, लाल रिबिनी, शाळेचा निळा पिनाफोर. चौदा वर्षांची मुलगी खड्ड्यात बसलेली, हातात धोटा, आणि मान दाराकडं वळलेली. खाली चिठ्ठीवर नाव होतं, 'शकू'. तुझी कुणी विद्यार्थिनी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "या तुम्हीच ना?" चार माणसं वळून माझ्याकडं आणि नंतर नकळत माझ्या पायांकडं बघायला लागली. मी पदर ओढून घेतला आणि बाहेर येऊन उभी राहिले.

तुझ्या घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"मला विचारलंस?"

"काय?"

"ते चित्र लावायच्या आधी. माझं नाव लिहायच्या आधी."

तू म्हणालास, "शकू, ते माझं सगळ्यात चांगलं चित्र आहे."

"असेल. पण त्यात मी आहे. तेव्हाही तू मला विचारलं नव्हतंस, आताही नाही."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. तुझा चेहरा पांढरा पडला. तिथं मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, "आणि पाय काढ की माझे. का येत नाहीत तुला?"

"येतात," तू म्हणालास. "काढवत नाहीत."

मी पिशवी उचलली आणि स्टँडवर आले. वहिनी जिन्यापर्यंत मागं आल्या. तू आला नाहीस.

चार वर्षं. मी राखी पोस्टानं पाठवायची. पूर्वी तुझ्या उत्तराच्या अंतर्देशीयावर कोपऱ्यात काहीतरी काढलेलं असायचं, रिक्षावाला, मांजर, डुलकी काढणारे हेडमास्तर. त्या चार वर्षांत नुसतं यायचं, 'राखी मिळाली.' चित्राची जागा कोरी.

आणि या संक्रांतीनंतर एका सकाळी तू न कळवता माझ्या दारात उभा. मी मागावर होते. तू आत आलास आणि स्वयंपाकघरात गेला नाहीस. खड्ड्याच्या काठाशी जमिनीवर मांडी घातलीस. केस किती पिकले होते तुझे. छत्तिसाव्या वर्षी कुणाचे एवढे पिकतात का?

"खाली बघू?" तू विचारलंस.

"बघ की."

तू वाकून खड्ड्यात बघितलंस. पावड्यांवर माझे पाय, भेगा पडलेल्या टाचा, सुजलेले घोटे, जोडवी. मी पावडी दाबत राहिले. तू पिशवीतून वही काढलीस आणि रेघा ओढायला लागलास. ओढल्यास, खोडल्यास, पान उलटलंस, पुन्हा ओढल्यास. शेवटी वही मिटलीस.

"शकू," तू म्हणालास, "तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं. नुसतं एकदा तरी."

अठरा वर्षं मला ते वाक्य ऐकायचं होतं. ते आलं आणि मला कळलं की आता बोलायची पाळी माझी आहे. माझ्या हातात जांभळी तार होती. मी तिच्याकडंच बघत राहिले.

"जाऊ दे रे," मी म्हणाले. "किती वर्षं झाली. थांब, चहा टाकते."

तू रुमालानं डोळे पुसलेस. चहा घेतलास, माझ्या मुलीला मांजर काढून दिलंस, मे महिन्याच्या सुट्टीत राहायला येतो म्हणालास. मी स्टँडपर्यंत आले. एसटीच्या खिडकीतून तू हात हलवलास तेव्हा तुझा चेहरा किती मोकळा दिसत होता! मीच तुला तो दिला होता, आणि द्यायचा मला काही हक्क नव्हता.

मे आलाच नाही. एका रविवारी सकाळी छातीत दुखतंय म्हणून वहिनींनी तुला रिक्षात घातलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

आता ऐक. जे त्या सकाळी चहाऐवजी सांगायचं होतं ते.

तू 'शकू बसेल' म्हणालास आणि नाना लगेच 'बरं' म्हणाले. तुला कधी नवल वाटलं नाही? नाना, जे साधा धागा बदलायचा तर दोन दिवस विचार करायचे? त्या दुपारी तू दाखला आणायला शाळेत गेला होतास, तेव्हा नानांनी मला जवळ बोलावलं होतं. म्हणाले, "शके, खरं सांग. त्याला जाऊ द्यावं म्हनतो. तू बसशील? नाय म्हनलीस तरी चालंल."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले, दादा. मला शाळा फारशी आवडत नव्हती. मला तो माग हवा होता. सहा वर्षांची असल्यापासून ते रंग मला हवे होते आणि नाना पोरीला मागावर बसू देत नव्हते. मला कुणीही त्या खड्ड्यात ढकललं नाही. मी उडी मारली. नाना म्हणाले, "तो आला की मी सांगतो त्याला." पण तू आलास, त्यांनी आधी तुझं मन बघायला विचारलं, आणि तूच बोलून मोकळा झालास.

मला राग आला तो खोटा नव्हता. मी आपणहून दिलेलं तू तुझं असल्यासारखं देऊन टाकलंस, याचा तो राग होता. पण मग ओल आली, घोटे सुजले, बरोबरच्या मुली दहावीच्या परीक्षेला निघाल्या, आणि मला पस्तावा व्हायला लागला. स्वतःवर चिडण्यापेक्षा तुझ्यावर चिडणं सोपं होतं. वर्षं गेली तसं मलाही तेच खरं वाटायला लागलं. नाना का बोलले नाहीत, ठाऊक नाही. मीच तुला सांगितलं असेल असं समजले असतील.

काल त्या 'शकू'च्या चित्रासमोर बसून हे सगळं मी वहिनींना सांगितलं. चहाचंसुद्धा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लग्न ठरायच्या आधी यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. म्हणाले, मी माझ्या बहिणीची शाळा सोडवली, हे ठाऊक असू दे आणि मग काय ते ठरव." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही चहा टाकलात."

त्या रागानं बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जुनी चादर आणली, 'शकू' त्यात गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. "हे तुम्ही घेऊन जा. मला आता ते घरात बघवणार नाही." तरी निघताना डब्यात पोळ्या बांधून दिल्या, आणि रिक्षा वळेपर्यंत फाटकाशी उभ्या होत्या.

एसटीत चित्र गुडघ्यांशी उभं धरून आणलं. आता ते इथं मागच्या भिंतीशी आहे, चादर अजून सोडलेली नाही. मी विचार करते आहे, तुला वेळेवर सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुझी ती माळीण, तो कारकून, तो मजूर उठून चालायला लागले असते का? की तू चित्रं काढणंच सोडलं असतंस? तुझ्या रंगांतलं जे दुःख सगळ्यांना इतकं भावलं, त्यातलं निम्मं माझ्या न बोलण्यावर पोसलेलं होतं. हे मला आता कुणाला सांगून उपयोग नाही, आणि कुणी त्याबद्दल माफ करायलाही उरलेलं नाही.

तू असतास तर काय केलं असतंस, ते मात्र मला दिसतं. आधी तू हसला असतास. मग एकदम उठून दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला असतास, आणि मग ओरडला असतास, दादा, अगदी येवल्याच्या बोलीत, गल्ली गोळा होईपर्यंत. भांडला असतास माझ्याशी. चार वर्षं, दहा वर्षं बोलला नसतास. राखी परत पाठवली असतीस. मी ते सगळं सोसलं असतं. इतकी वर्षं रागवायची पाळी माझीच होती. एकदा तरी ती तुझी यायला हवी होती.